ओखामंडळचा समुद्र आणि सयाजीराव

महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव मराठवाड्यात नव्याने सांगावे लागत नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती, एवढे तर शाळेतील मुलालाही ठाऊक असते. आपल्या शहरात नागसेनवनातून जाताना त्या शिष्यवृत्तीचे पुढे काय झाले याचा हिशेब कोणीही मनातल्या मनात मांडू शकेल. परंतु त्यांच्या राज्यकारभारातील एक प्रकरण क्वचितच कोणी सांगतो. समुद्रातील जीवसृष्टीचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून बडोद्याच्या तिजोरीतून झालेल्या खर्चाचे ते प्रकरण होय. मत्स्यव्यवसायासाठी सरकारने पैसा खर्च करताना तो बोटीवर करावा की अभ्यासावर, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणून ते पुन्हा उघडून पाहण्यासारखे आहे.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी झाला. मूळ नाव गोपाळराव, वडील काशीराव, घर शेतकऱ्याचे. समुद्राशी या कुटुंबाचा संबंध येण्याचे काही कारणच नव्हते. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले आणि खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची विस्कटलेली घडी बसविली आणि एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या मुलाला शिकविले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली.

हे राज्य एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत, आणि मध्ये ब्रिटिशांचा मुलूख व इतर संस्थाने. त्यातला सर्वांत आडबाजूचा तुकडा म्हणजे ओखामंडळ. काठेवाडच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेली ही जमीन. द्वारका आणि बेट ही यात्रेची ठिकाणे तिथलीच. पाऊस बेताचा, शेती नावापुरती. तेथील वाघेर लोकांनी १८५७ नंतर इंग्रज आणि गायकवाड या दोघांशीही दहा वर्षे झुंज दिली होती. बडोद्याच्या सरदारांच्या दृष्टीने ओखामंडळ म्हणजे फौजेचा खर्च. महसुलाचा मुलूख म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नसे.

सयाजीरावांची राज्य करण्याची एक पद्धत होती. कोणताही नवा विषय हाती घेताना ते आधी त्या विषयाचा जाणकार शोधीत, त्याच्याकडून पाहणी करवून घेत आणि मग हुकूम काढीत. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ साली प्रथम अमरेलीच्या भागात केला, तो सबंध राज्याला लागू व्हायला १९०६ साल उजाडले. कलाभवन १८९० साली निघाले ते त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. वाचनालयांची योजना आखण्यासाठी १९१० साली बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आले. हा क्रम लक्षात ठेवला म्हणजे समुद्राच्या बाबतीत त्यांचे सरकार असे का वागले याचे नवल वाटत नाही.

नवल वाटते ते वेळेचे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने गुजरात होरपळून निघाला होता. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे दहा वर्षांत कमी झाली. मराठवाड्याच्या वाचकाला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. अशा काळात कोणताही सावध दिवाण म्हणाला असता की विहिरी खणा, तगाई द्या, समुद्रातले किडे नंतर मोजता येतील. १९०४ साली रमेशचंद्र दत्त बडोद्याला महसूलमंत्री म्हणून आले. हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा आर्थिक इतिहास लिहिणारे हे गृहस्थ तिजोरीचा पैसा उधळू देणारे खचितच नव्हते. आणि तरीही त्यांच्याच कारकीर्दीत, १९०५-०६ साली, ओखामंडळच्या समुद्राची पाहणी झाली.

त्यासाठी बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला पाचारण केले. हॉर्नेल तोवर सिलोनच्या मोत्यांच्या किनाऱ्यावर काम करीत होते, पुढे ते मद्रास प्रांताच्या मत्स्य खात्याचे प्रमुख झाले. सरकारला मोत्यांची आशा होती हे उघड आहे, कारण त्याच सुमारास सिलोनमध्ये मोत्यांच्या शिंपल्यांचा अमाप उपसा चालला होता. हॉर्नेल यांनी मात्र केवळ मोती पाहिले नाहीत. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी जे पातळ, चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसविलेले दिसतात, तोच प्राणी ओखामंडळच्या शांत खाड्यांतल्या चिखलात राहतो. त्याच्या पोटात बारीक मोती सापडतात आणि ते औषधाच्या कामी येतात. हॉर्नेल यांनी या प्राण्याची शरीररचना, त्याचा आढळ आणि त्याचे आर्थिक उपयोग यांवर सविस्तर निबंध लिहिला. शंखाचा अभ्यास तर त्याहून रंजक आहे. बेटाचे जुने नाव शंखोद्धार. पांचजन्याची कथा तिथलीच. किनाऱ्यावर गोळा होणारा शंख हिंदुस्थान ओलांडून बंगालमध्ये जातो आणि तिथले कारागीर तो कापून सुवासिनींच्या बांगड्या करतात. एका मृदुकाय प्राण्याच्या निमित्ताने हॉर्नेल यांनी हिंदूंच्या धर्मजीवनात शंखाचे स्थान काय, याचाही शोध घेतला.

बाकीचा संग्रह ज्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे पाठविण्यात आला. स्पंज आर्थर डेंडी यांच्याकडे गेले, मऊ प्रवाळ जे. आर्थर टॉमसन यांच्याकडे, आणि कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी चार्ल्स एलियट यांच्याकडे. हे एलियट पेशाने मुत्सद्दी होते, गोगलगायींचा अभ्यास हा त्यांचा छंद! बडोदे सरकारला सादर झालेल्या या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली लंडनला प्रसिद्ध झाला, दुसरा १९१६ साली. म्हणजे पाहणीपासून शेवटच्या पानापर्यंत दहा वर्षे गेली. मधल्या काळात दिवाण बदलले, १९११ चा दिल्ली दरबार झाला आणि त्यातल्या वर्तनावरून महाराजांवर सरकारची इतराजी ओढवली, महायुद्ध सुरू झाले. तरी काम अर्धवट सुटले नाही. ज्या स्पंजांपासून राज्याला एका रुपयाची प्राप्ती होण्याची शक्यता नव्हती, त्यांचे वर्णनही छापून पुरे झाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रकरणात रस वाटण्याचे कारण असे. शेताला बांध असतो, समुद्राला नाही. एका कोळ्याने उद्यासाठी म्हणून सोडलेली लहान मासळी दुसरा आज धरतो, म्हणून सोडण्यात कोणाचाच फायदा नसतो. अशा ठिकाणी सरकारने बोट स्वस्त केली की बोटी वाढतात, बोटी वाढल्या की दर बोटीमागे मासळी घटते, आणि मग त्याच बोटी चालू राहाव्यात म्हणून पुन्हा मदत द्यावी लागते. अनुदान स्वतःलाच खाते ते असे. समुद्रात किती आहे, ते केव्हा प्रजनन करते, किती काढले तर पुन्हा भरून येते, हे ज्ञान मात्र एकट्यादुकट्या कोळ्याने पदरमोड करून मिळवावे अशी अपेक्षा करता येत नाही, कारण एकदा मिळाले की ते सगळ्यांचेच होते. सरकारी पैशाची खरी जागा तिथे आहे.

मद्रास प्रांतात हे सर फ्रेडरिक निकल्सन यांनी ओळखले होते. आपल्याकडील सहकारी पतपेढ्यांच्या इतिहासात ज्यांचा अहवाल प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो ते हेच निकल्सन. तिथल्या मत्स्य खात्याचा पायाही त्यांनीच घातला. मुंबई सरकारने उलटा मार्ग धरला. १९२१-२२ साली ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवर चालणारे मासेमारी जहाज मुंबईच्या समुद्रात चालवून पाहिले. ते परवडेना, म्हणून प्रयोग थांबवला.

सयाजीरावांच्या या खर्चातून मोत्यांचा पाऊस पडला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सिलोनची मोत्यांची मासेमारीही १९०७ नंतर अनेक वर्षे बंद पडली. ओखामंडळला पैसा आला तो दुसऱ्या वाटेने. १९२६ साली ओखा बंदर सुरू झाले, जवळच मिठाचा कारखाना निघाला, आणि त्यातूनच १९३९ साली मिठापूरचा टाटा केमिकल्सचा उद्योग उभा राहिला. संस्थानाचे मत्स्य खाते १९४० च्या दशकात काम करताना दिसते, पण तोवर सयाजीराव हयात नव्हते.

दोष दाखवायचा तर तो वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्या राजाने प्रजेसाठी मराठीत आणि गुजरातीत ग्रंथमाला काढल्या, त्याच्या सरकारने समुद्राचा अहवाल इंग्रजीत लिहवून लंडनला छापला. ओहोटीच्या वेळी खडकांवरून हिंडून शंख वेचणारा वाघेर हा या अभ्यासाचा माहीतगार होता, वाचक नव्हता. शिकविण्याची एवढी तळमळ असलेल्या राज्यकर्त्याकडून ही उणीव राहावी हे बोचते. तज्ज्ञांवरचा विश्वास ही त्यांची ताकद होती, आणि मर्यादाही. वरून दिलेली चांगली गोष्ट खाली झिरपतेच असे ते धरून चालले. आंबेडकरांना शिकवून परत आणणाऱ्या बडोद्यात १९१७ साली त्यांना राहायला जागा मिळू नये, यातही हीच मर्यादा दिसते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि ओखामंडळचा किनारा काही वर्षे मुंबई राज्याचाच किनारा होता. १९६० नंतर तो गुजरातकडे गेला. दरम्यान राज्यघटनेने मत्स्यव्यवसाय राज्यांकडे सोपविला आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राकडे ठेवली. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटपावर आंबेडकरांनी जो ग्रंथ लिहिला आणि १९२५ साली प्रसिद्ध केला, तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला होता. मासळीला अर्थातच ही सीमारेषा ठाऊक नाही. बारा सागरी मैलांच्या अलीकडचा कायदा एकाचा, पलीकडचा दुसऱ्याचा, आणि अभ्यासाचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न दोघांच्या मध्ये तरंगत राहतो.

१९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था निघाली. बंदराबंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नमुना पद्धतीने मोजणी करण्याचे चिकाटीचे काम ही संस्था करीत आली आहे. २०२० साली केंद्राने प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना जाहीर केली ती पाच वर्षांत २०,०५० कोटी रुपयांची. आपल्या राज्यात मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. कष्टकरी माणसाला मिळणाऱ्या या मदतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले ते सोमवंशी समितीच्या अभ्यासाच्या आधारे, आणि २०२३ साली पन्नासहून अधिक जातींच्या मासळीसाठी किमान आकाराची मर्यादा ठरवली तीही संशोधकांनी वर्षानुवर्षे मोजमाप केले होते म्हणून. बोट उद्घाटनाच्या दिवशी दिसते. मोजमाप दहा वर्षांनी कामाला येते. अंदाजपत्रकात काटछाट करायची वेळ आली की कोणत्या रकमेवर आधी कात्री चालते, हे कारकुनी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

मराठवाड्याला किनारा नाही, तेव्हा या वादाशी आपला काय संबंध, असे आमचे काही विद्यार्थी विचारतात. केंद्राचा आणि राज्याचा पैसा आपलाही आहे, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने, समुद्रापासून दूर असलेल्या राजधानीत बसून, दुष्काळाच्या जखमा ओल्या असताना हा प्रश्न स्वतःचा मानला होता.

कच्छच्या आखातात ओख्यापासून जोडियापर्यंतच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकाच्या आरंभी सागरी अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान झाले. खिडकीच्या शिंपल्याला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत जागा मिळाली. या आखातात पूर्वी काय काय होते आणि त्यातले काय उरले, हे तपासणाऱ्याला आजही बडोदे सरकारच्या खर्चाने छापलेल्या १९०९ आणि १९१६ सालच्या त्या दोन भागांपासूनच सुरुवात करावी लागते.