सीमेपार जाणारा मेसेज कोण वाचतं? सिनेटर फ्रँक चर्च यांची गोष्ट

परदेशातल्या मित्राला तुम्ही मेसेज पाठवता, तेव्हा तो देशाची सीमा ओलांडतो. सीमा ओलांडली म्हणून सरकारला तो वाचायचा हक्क मिळतो का? अमेरिकेत या प्रश्नाच्या मागे लागलं की एक नाव हमखास समोर येतं, ते सिनेटर फ्रँक चर्च यांचं. स्नोडेन सगळ्यांना माहीत असतो. पण मला चर्च यांचं काम जास्त अवघड वाटतं, कारण ते त्यांनी व्यवस्थेत राहून, रीतसर चौकशी करून केलं.

जन्म १९२४ चा, आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावचा. दुसऱ्या महायुद्धात ते चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर लष्करी गुप्तचर अधिकारी होते. म्हणजे देशाला गुप्त माहिती का लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पुढे कायदा शिकताना कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत दिली होती, पण एक्स-रे उपचारांनी ते वाचले. १९५६ मध्ये, अवघ्या बत्तिशीत, सिनेटवर निवडून आले. मधली वर्षं मी भराभर सोडतोय, कारण खरी गोष्ट १९७५ ची आहे.

झालं असं, की डिसेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पत्रकार सेमूर हर्श यांची बातमी आली: सीआयए स्वतःच्याच देशातल्या लोकांवर पाळत ठेवतेय. पुढच्याच महिन्यात सिनेटनं ११ जणांची समिती नेमली आणि चर्च अध्यक्ष झाले.

समितीच्या हाती जे लागलं, त्यातलं आपल्या कामाचं प्रकरण म्हणजे 'शॅमरॉक'. १९४५ पासून तीन तार कंपन्या अमेरिकेत येणाऱ्या, तिथून बाहेर जाणाऱ्या तारांच्या प्रती सरकारला देत होत्या. ना कोर्टाचं वॉरंट, ना कुणाची परवानगी. सुरुवातीला कागद आणि मायक्रोफिल्म. साठच्या दशकात मॅग्नेटिक टेप आल्या आणि सगळा खेळच बदलला. एनएसए ही संस्था टेपची नक्कल करून घ्यायची आणि कॉम्प्युटरवर नावं, शब्द टाकून शोधायची. आपण चॅटमध्ये सर्च मारतो तसंच, फक्त चॅट दुसऱ्याचं! एका टप्प्यावर महिन्याला सुमारे दीड लाख तारा विश्लेषकांच्या टेबलावर जात होत्या.

बहाणा परकीय हेरांचा होता. पण शोधायच्या यादीत युद्धविरोधी आंदोलक आणि नागरी हक्कांसाठी लढणारी माणसंही घुसवली गेली. टपालातही तेच. न्यूयॉर्कमधून सोव्हिएत संघाशी होणाऱ्या पत्रव्यवहारातली दोन लाखांहून जास्त पाकिटं सीआयएनं वीस वर्षांत उघडली. त्यात खुद्द चर्च यांचं पत्रही होतं.

ऑक्टोबर १९७५ मध्ये एनएसएचे प्रमुख लू अ‍ॅलन यांना उघड सुनावणीला बसावं लागलं. असं पहिल्यांदाच घडत होतं. शॅमरॉकचं नाव बाहेर येऊ नये म्हणून फोर्ड सरकारनं बरंच दडपण आणलं, समितीतलेही काही जण विरोधात होते. चर्च यांनी नोव्हेंबरमध्ये ते जाहीर केलंच. त्याआधी टीव्हीवर त्यांनी इशारा दिला होता, की ही यंत्रणा एखाद्या हुकूमशहानं देशातल्या जनतेवर वळवली, तर लपायला जागाच उरणार नाही. तेव्हा मोबाइलही नव्हते, हे लक्षात घ्या.

काम फुकट गेलं नाही. १९७६ मध्ये सिनेटची कायमस्वरूपी गुप्तचर समिती झाली. १९७८ मध्ये 'फिसा' कायदा आला आणि परकीय हेरगिरीच्या नावाखाली देशात कुणाचा फोन ऐकायचा, तर खास कोर्टाची परवानगी लागू लागली. आता हे कोर्टही बंद दाराआड चालतं, आणि २००८ च्या दुरुस्तीनं देशाबाहेरच्या परकीय नागरिकांसाठी प्रत्येकाच्या नावाचं वॉरंट लागत नाही. म्हणजे तुम्ही-मी त्या संरक्षणाच्या बाहेरच. अमेरिकेच्या विमानतळावर अधिकारी वॉरंटशिवाय फोन तपासतात, तेही सीमेवरच्या झडतीला मिळालेल्या जुन्या सवलतीमुळे.

चर्च यांना याची किंमत मोजावी लागली. डिसेंबर १९७५ मध्ये अथेन्समधले सीआयएचे प्रमुख रिचर्ड वेल्च यांची हत्या झाली. वेल्च यांचं नाव समितीनं फोडलेलं नव्हतं, तरी खापर तिच्यावर फुटलं. १९७६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी चर्च उतरले, पण फार उशिरा. चार राज्यांत जिंकूनही जिमी कार्टर पुढे निघून गेले. १९८० मध्ये सिनेटची जागाही गेली, तीही एक टक्क्याहून कमी फरकानं. ७ एप्रिल १९८४ रोजी, ५९ व्या वर्षी, पुन्हा कॅन्सरनंच त्यांना नेलं.

एनएसएच्या जुन्या यादीतली आणखी काही नावं २०१३ मध्ये गोपनीयतेतून बाहेर आली. मार्टिन ल्यूथर किंग, मुहम्मद अली, आणि सिनेटर फ्रँक चर्च.