दुष्काळातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाई

दुष्काळ पडला म्हणजे आधी विहिरी आटतात, मग गोठे रिकामे होतात आणि अखेरीस घरे मोडतात. मोडलेल्या घरांतून मागे उरतात ती पोरकी मुले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारतंत्र्य आणि दारिद्र्य यांत पिचलेल्या आपल्या देशाने असे अनेक दुष्काळ पाहिले. त्यांत निराधार झालेल्या शेकडो मुलींना अन्न, निवारा आणि शिक्षण देणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतःही दुष्काळामुळेच पोरक्या झाल्या होत्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. स्त्रीला संस्कृत शिकवणे निषिद्ध मानले जात असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती विद्या दिली आणि लक्ष्मीबाईंनी ती रमाबाईंना दिली. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. गावोगावी पुराणे सांगावीत आणि श्रोते देतील त्या दक्षिणेवर गुजराण करावी, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिण भारतात दुष्काळ पडला आणि हा क्रम खुंटला. लोकांनाच खायला नव्हते, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? पुराण सांगण्याखेरीज उपजीविकेची दुसरी विद्या या कुटुंबास अवगत नव्हती. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागणे अभिमानास रुचत नव्हते. उपासमारीने खंगून आधी वडील, पाठोपाठ आई आणि नंतर थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. अंगी विद्वत्ता असूनही हाताला काम नसेल तर माणसाची काय दशा होते, याचा हा अनुभव रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

ही भावंडे पायी भ्रमंती करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचेही निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ह्या मनोरमेला घेऊन ही विधवा माता पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी निवासी शाळा काढण्याचा संकल्प त्यांच्या मनात होता. मात्र हाती पैसा नव्हता. त्यांनी अमेरिकेत शहरोशहरी व्याख्याने दिली. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून १८८७ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. ठिकठिकाणी तिची मंडळे निघाली आणि सभासदांच्या वर्गणीतून नियोजित शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन मिळाले. हजारो कोस दूर राहणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या मुलींसाठी लोकांनी पैसा दिला, तो एका स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवून.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलवण्यात आले. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी सदनावर मोठे संकट आले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, असा आक्षेप घेण्यात आला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. या मतभेदांचे पडसाद दीर्घकाळ उमटत राहिले. पण रमाबाईंनी काम सोडले नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात घोर दुष्काळ पडला. ही वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले असल्यास नवल नाही. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. अस्थिपंजर झालेल्या मुली आणि त्या असहाय मुलींना फसवून नेऊ पाहणारे दुष्ट लोक, हे त्यांनी तेथे पाहिले. मुलींना तसेच सोडून येणे त्यांना अशक्य होते. परंतु आणावे तरी कोणत्या बळावर? बोस्टनचा निधी शारदा सदनासाठी होता आणि दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. त्यातच पुण्यात प्लेगची साथ पसरली होती आणि बाहेरच्या मुलींना शहरात ठेवण्यास निर्बंध होते.

रमाबाईंनी तरीही मुली आणल्या. पुण्याजवळील केडगाव येथे त्यांनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, हा त्यामागील हेतू होता. आता त्याच जमिनीवर या मुलींची सोय करण्यात आली. सुमारे तीनशे मुलींना तेथे आसरा मिळाला आणि ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि देणगीदारांचे साहाय्य पुढे चालू राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मुलीही केडगावी आल्या. मुक्ती सदनातील रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली.

एवढ्या मुलींना केवळ देणगीवर पोसत राहणे रमाबाईंना मान्य नव्हते. लिहिणे-वाचणे तर प्रत्येकीला शिकवले जाई. त्याबरोबर शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छपाई अशी कामेही मुली शिकत. छापखान्यातील खिळे जुळवण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची कामे त्या करू लागल्या. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीतील शिक्षण सुरू केले. देणगी मुलीला जगवते आणि कसब तिला उभे करते, ही रमाबाईंची दृष्टी होती. त्यांच्या आईवडिलांना जे साधन मिळाले नव्हते, ते त्यांनी या मुलींच्या हाती दिले.

१९१९ साली ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक देऊन गौरविले. १९२१ साली मनोरमाबाईंचे अकाली निधन झाले. हा आघात सोसून रमाबाई काम करीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंच्या धर्मविषयक निर्णयांबद्दल मतभेद झाले, आजही होतात. परंतु दुष्काळाच्या वणव्यातून त्यांनी ज्या मुलींना उचलून आणले, त्या जगल्या, शिकल्या आणि स्वतःच्या श्रमावर उभ्या राहिल्या. केडगावची ती संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी कार्य करीत आहे.