छायालेखक आल्डो ग्रात्सियाती

बोलपट पाहून घरीं परततांना नटनट्यांचीं नांवें आपल्या ओठांवर असतात. परंतु ज्याच्या दृष्टीनें आपण तो पाहिला, त्या छायालेखकाचें नांव क्वचितच कोणी विचारतो. अशाच एका इटालियन छायालेखकाची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहों.

आल्डो ग्रात्सियाती यांचा जन्म १९०५ सालीं व्हेनिसनजीक स्कोर्झे या गांवीं झाला. तरुणपणींच ते फ्रान्सला गेले. तेथें त्यांच्या वाट्यास आलेलें काम दुय्यम मानलें जाई: बोलपटांतील प्रसंगांचीं स्थिर छायाचित्रें काढावयाचीं. १९४६ सालच्या कॉक्तोकृत ‘सुंदरी आणि पशु’ या बोलपटाचीं अशीं छायाचित्रें त्यांचींच. चाळिशी उलटली, तरी संपूर्ण बोलपटाच्या छायालेखनाची जबाबदारी कोणी त्यांच्यावर सोंपविली नव्हती.

ती सोंपविली लुकिनो व्हिस्कोंती या दिग्दर्शकानें. सिसिली बेटांतील आची ट्रेत्सा या कोळ्यांच्या गांवीं त्यानें ‘धरणी हादरते’ हा बोलपट घेतला. धंदेवाईक नट त्यांत एकही नव्हता. गांवचे कोळीच आपल्या बोलींत बोलत होते. मासळीच्या व्यापाऱ्यांच्या पिळवणुकींतून सुटूं पाहणाऱ्या एका कुटुंबाची ही करुण कथा आहे. समुद्रांत उभे असलेले लाव्हारसाचे सुळके, काळ्या शाली पांघरून खडकांवर वाट पाहणाऱ्या स्त्रिया, रात्रीच्या मासेमारीसाठीं होड्यांवर लावलेले दिवे: केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत हें सारें किती सजीव उतरलें आहे! स्थिर छायाचित्र काढणाऱ्यास एकाच चौकटींत सर्व कांहीं सांगावें लागतें. ती जुनी शिस्तच येथें उपयोगी पडली, असें आम्हांस वाटतें. १९४८ सालीं हा बोलपट व्हेनिसच्या महोत्सवांत दाखविला गेला.

मग व्हित्तोरिओ द सिका यांनीं त्यांना बोलाविलें. त्यांचा ‘मिलानमधील चमत्कार’ १९५२ सालीं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांतही आला होता. त्यांत गरीब लोक झाडूंवर बसून आकाशांत उडतात! ‘उंबेर्तो डी.’ मध्यें मात्र एक मोलकरीण पहांटे स्वयंपाकघरांत कॉफी दळते, इतकेंच; तरी तो प्रसंग विसरत नाहीं.

१९५३ सालीं व्हिस्कोंतींच्या ‘सेन्सो’ या रंगीत बोलपटाचें काम चालू असतां, १४ नोव्हेंबर रोजीं, मोटार-अपघातांत त्यांचें निधन झालें. वय अवघें ४८ होतें. राहिलेलें चित्रण रॉबर्ट क्रास्कर व जुझेप्पे रोतुन्नो यांनीं पुरें केलें, आणि १९५४ सालीं बोलपट प्रदर्शित झाला. आल्डोंच्या हाताखालीं कॅमेरा चालविणारे रोतुन्नो पुढें स्वतःही नामांकित छायालेखक झाले.