रकान्याचा राखणदार : डॉ. टेड कॉड

डीबीएमएसच्या पेपरसाठी आपण ज्यांचे नियम रात्रभर जागून पाठ करतो, ते कॉड म्हणजे कोण, हे मला थर्ड इयरपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळायला एक रात्र कारणीभूत ठरली.

होस्टेलच्या रक्तदात्यांची यादी मी डेटाबेसमध्ये टाकली होती. फॉर्मवर रक्तगटाचा ड्रॉपडाउन होता, म्हणून मी निश्चिंत. पण जुन्या मुलांची नावं मात्र एक्सेलमधून थेट टेबलात ओतली. एका रात्री एका ज्युनिअरच्या वडिलांना ओ निगेटिव्ह रक्त लागलं. क्वेरी मारली, तर एकही नाव नाही! खरं तर आमच्याच विंगमध्ये दोघे होते. एकाच्या नावापुढे ‘ओ’ऐवजी शून्य टाइप झालेलं, दुसऱ्याच्या ‘ओ’नंतर एक स्पेस. दारं ठोठावत त्यांना शोधण्यात दीड तास गेला. काका वाचले, पण तो दीड तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही. चूक माझीच होती. ती नेमकी कुठे झाली, हे शोधताना कॉडसाहेब भेटले.

एडगर फ्रँक कॉड, अर्थात टेड, यांचा जन्म 19 ऑगस्ट 1923 चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत हे शेंडेफळ. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शाळेत शिक्षिका. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. युद्धानंतर अमेरिका गाठली आणि 1949 मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. पण गडी मनस्वी! सिनेटर मॅकार्थीने कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली चालवलेला प्रकार पटेना, म्हणून 1953 मध्ये सरळ कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतले. चाळिशी ओलांडल्यावर, 1965 मध्ये, मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. बॅकलॉगवाल्यांनो, धीर धरा!

त्या काळी डेटा झाडाच्या फांद्यांसारखा किंवा जाळ्यासारखा जोडलेला असे. हवी ती नोंद गाठायची तर प्रोग्रामरला तिथवरची वाट माहीत पाहिजे. जून 1970 मध्ये कॉड यांनी एक शोधनिबंध छापला आणि सांगितलं, की सगळा डेटा साध्या तक्त्यांत मांडा. त्यामागे संचांचं गणित होतं. प्रत्येक रकान्याला त्याचा एक ‘डोमेन’, म्हणजे त्यात येऊ शकणाऱ्या किमतींचा संच. रक्तगटाचा रकाना म्हणजे वाटेल ते लिहायची पाटी नव्हे. तिथे आठच किमती शक्य आहेत, नववी येताच कामा नये.

पण घर की मुर्गी दाल बराबर! आयबीएमचं जुन्या पद्धतीचं आयएमएस तेव्हा जोरात चाललं होतं, त्यामुळे कंपनीला घाई नव्हती. 1974 मध्ये अ‍ॅन आर्बरला जाळ्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन यांच्याशी कॉड यांचा जाहीर वाद झाला. 1979 मध्ये ओरॅकल बाजारात आलं. आयबीएमचं पहिलं रिलेशनल उत्पादन निघालं थेट 1981 मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग उलटंच झालं. जो तो आपल्या मालावर ‘रिलेशनल’ची पाटी लावू लागला. तेव्हा वैतागून 1985 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध नियम मांडले. त्यातला दहावा माझ्यासाठीच लिहिलाय असं वाटलं. डेटावरची बंधनं प्रोग्राममध्ये नकोत, ती डेटाबेसच्याच भाषेत सांगून त्याच्याच कॅटलॉगमध्ये ठेवा. कारण उघड आहे. आत यायला दारं अनेक असतात, फॉर्म हे त्यातलं एक. मी फॉर्मवर वॉचमन बसवला आणि मागचं दार सताड उघडं टाकलं.

आता त्या रकान्यावर आठ किमतींचा चेक कन्स्ट्रेंट आहे, सोबत नॉट नलही. दोन्ही लागतात, कारण नलची तुलना केली की उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि चेक फक्त ‘खोटं’ असेल तेच अडवतो. आणखी एक, लॅबमधलं व्हर्जन बघून घ्या. मायएसक्यूएल 2019 च्या 8.0.16 आधी चेक निमूट वाचायचं आणि सोडून द्यायचं!

कॉड 18 एप्रिल 2003 रोजी फ्लोरिडात गेले. त्यांचे नियम आपण मार्कांसाठी पाठ करतो. मीही केले होते, दहावासुद्धा. तो समजला मात्र रात्री दारं ठोठावताना. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.