ऑस्कर रोमेरो : साठीला टेकताना बदललेला आर्चबिशप

जुल्माविरुद्ध उभा राहणारा धर्मगुरू तरुणपणापासूनच बंडखोर असणार, असं आपल्याला वाटतं. एल साल्वाडोरचे ऑस्कर रोमेरो (जन्म १९१७) तसे नव्हते. पुस्तकांत रमणारे, सरकारशी वाद टाळणारे. स्पेनची सत्ता १८२१ मध्येच गेली होती, पण कॉफीच्या जमिनी मूठभर घराण्यांकडेच होत्या. गरिबांची बाजू घेणं हाच धर्म, असं म्हणणारे पाद्री तिथं वाढत होते. रोमेरो त्यांच्याकडे संशयानं बघत. म्हणूनच फेब्रुवारी १९७७ मध्ये ते आर्चबिशप झाले तेव्हा जमीनदार खूश होते.

महिनाही झाला नव्हता. ऊसमजुरांत काम करणारे त्यांचे दोस्त, पाद्री रुतिलिओ ग्रांदे यांना गोळ्या घातल्या गेल्या. सोबतचा एक म्हातारा आणि सोळा वर्षांचा पोरगाही गेला. रोमेरोंनी चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभांना जायचं बंद केलं. माणूस या वयात बदलतो, हे आम्हाला त्यांच्या शहादतीपेक्षाही मोठं वाटतं. दर रविवारी ते प्रवचनात (आपल्याकडचा जुम्याचा खुत्बा समजा) मारल्या गेलेल्यांची, गायब केलेल्यांची नावं घेत. रेडिओवरून ते गावोगाव ऐकलं जाई. रेडिओ केंद्रावर बॉम्ब पडले, तरी ते थांबले नाहीत.

२३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना सांगितलं, आपल्याच भावांना मारायचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एका इस्पितळाच्या चॅपेलमध्ये प्रार्थना चालू असतानाच त्यांना गोळी घातली.

२०१८ मध्ये पोपनी त्यांना संत जाहीर केलं. एल साल्वाडोरच्या कोर्टात मात्र या खुनाची शिक्षा कुणालाच झालेली नाही.