इनामगावची पांढरी बोलती करणारे डॉ. सांकलिया

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठाला इनामगाव आहे. तिथल्या शिवारात पांढऱ्या मातीचे काही उंचवटे आहेत. असल्या पांढरीत कुळव घातला की खापरं वर येतात, आणि आपली रीत अशी की ती उचलायची आणि बांधावर फेकायची. पण याच खापरांसाठी एका माणसानं आपलं सगळं आयुष्य घातलं. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. शेतकरी बंधूंना आणि गावकारभाऱ्यांना त्यांची ओळख असायला हवी, कारण आपल्या जमिनीचा साडेतीन हजार वर्षांचा सातबारा वाचायला त्यांनी शिकवलं.

सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, एका गुजराती वकील घराण्यात झाला. मूल इतकं अशक्त होतं, की पंधरवडाही काढील असं घरच्यांना वाटत नव्हतं. पण ते जगलं. पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूळ वसतिस्थानावरचा ग्रंथ गुजराती अनुवादात पडला. फारसं काही कळलं नाही, पण जुन्या काळाचा शोध घ्यायचा हे मनानं घेतलं. पुढं त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि १९३६ साली लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिकडं असतानाच मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली प्रत्यक्ष खोदकाम शिकले. मातीचे थर एकमेकांत न मिसळता कसे उकलायचे, ही विद्या त्यांनी तिथून आणली.

१९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत पुण्याचेच होऊन राहिले. खुर्चीत बसून इतिहास लिहिणं त्यांना जमलं नाही. कोल्हापूर, नाशिक, संगमनेरजवळचं जोर्वे, प्रवराकाठचं नेवासे, मध्य प्रदेशातलं नावडातोली, राजस्थानातलं आहाड अशा ठिकाणी त्यांनी नदीकाठ पालथे घातले. नदीच्या दरडीत गोटे-वाळूचा एक थर, त्यावर गाळाचा, पुन्हा गोट्यांचा, असा पट्टा दिसतो. आपण त्याकडं बघून पुढं जातो. सांकलिया तिथं थांबत. नदीचा जोर कधी वाढला, कधी मंदावला, पाऊसमान कसं बदललं, याची खूण ते त्या थरांत शोधत, आणि त्याच थरात दगडी हत्यार सापडलं की त्या हवामानात माणूस कसा राहत होता ते मांडत. माणूस आणि त्याच्या भोवतालची जमीन, पाणी, झाडझाडोरा, जनावरं यांचा विचार एकत्रच करायला हवा, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी खोदकामात भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राण्यांची हाडं ओळखणारी माणसं जोडीला घेतली.

या विचाराचं सर्वांत मोठं पीक आपल्या इनामगावात आलं. १९६८ साली तिथं खोदकाम सुरू झालं तेव्हा सांकलिया साठीला आले होते. डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी हे त्यांचे सोबती. १९७३ साली सांकलिया निवृत्त झाले, तरी काम थांबलं नाही; ते १९८३ पर्यंत चाललं. शंभराहून जास्त घरांचे अवशेष मिळाले. कोळशाच्या तपासणीवरून वस्तीचा काळ इ.स.पू. १६०० ते ७०० असा ठरला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासून आजपर्यंत जेवढी वर्षं झाली, त्याच्या दुपटीहून जास्त काळ हे गाव नांदत होतं.

हे गाव शेतकऱ्यांचंच होतं. मुख्य पीक जव, म्हणजे सातू. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा. गोठ्यात गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. घराघरात धान्य साठवायला बळदं आणि कणग्यांचे ओटे. घरं चौकोनी, कुडाची, बुटक्या मातीच्या भिंतींची. मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर होतं, ते गावप्रमुखाचं असावं. त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. वस्तीच्या कडेला सुमारे ४ मीटर रुंदीचा पाट खोदलेला आणि त्याला लागून बांध घातलेला आढळला. घोडचं पुराचं पाणी त्यातून वळवत असावेत. म्हणजे पाणी अडवणं आणि वळवणं ही आपल्या भागात काल-परवाची गोष्ट नाही. दौंड तालुक्यातल्या वाळकीला त्याच काळातला जनावराच्या हाडाचा फाळ मिळाला आहे.

आता खरी गोष्ट. इ.स.पू. १००० च्या सुमाराला पाऊसमान घटलं, असं ढवळीकरांनी मांडलं. प्रवरा-गोदावरी खोऱ्यातली बहुतेक गावं त्या वेळी ओस पडली. इनामगाव मात्र आणखी ३०० वर्षं तगलं, पण कसं? चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. गव्हाचं प्रमाण घटलं, शेळ्या-मेंढ्यांवर भर वाढला, हरणाची शिकार वाढली. बागायतदार गडी हळूहळू मेंढपाळ झाला म्हणा ना! आणि शेवटी इ.स.पू. ७०० च्या आसपास चूल विझली.

दोष एकट्या पावसाचा होता का? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मात्र एवढं ध्यानात घ्या, की वस्ती वाढली की सरपणाला झाडं तुटतात, घरं शाकारायला लाकूड लागतं, गुरं माळ बोडका करतात, आणि उघड्या जमिनीवर वळवाचा पाऊस पडला की माती नदीला जाते. हवामान माणसाला घडवतं, तसा माणूसही आपल्या शिवाराचं रूप बदलतो. आपली काळी जमीनही अशीच घडली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा खडक ऊन-पावसानं, मुळ्यांनी आणि गवताच्या कुजण्यानं झिजत झिजत माती झाला. जे तयार व्हायला हजारो वर्षं लागतात, ते धुऊन जायला चार पावसाळे पुरतात. आज शिरूर-दौंडला धरणाचं आणि कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे. पण वारेमाप पाण्यानं कित्येक रानं खारवट-चोपण झाली, हेही आपण डोळ्यांनी बघतो. इनामगावकरांना पाणी कमी पडलं. आपलं जास्त पाण्यानं बिघडू नये. बांधबंदिस्ती, समपातळीत पेरणी, कडधान्याची फेरपालट, पाण्याची मोजून पाळी, चर काढून निचरा: उपाय नवे नाहीत, करायची इच्छा हवी.

सांकलियांना १९७४ साली पद्मभूषण मिळालं. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २८ जानेवारी १९८९ रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं.

जाता जाता सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांना एक विनंती. आपल्या भागात पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकतात, विटांना नेतात, उसासाठी टेकाड सपाट करतात. ते करण्याआधी एकदा खापरं, राख, हाडं दिसतात का ते पाहावं. दिसली तर काम थांबवून तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. जमिनीत पुरलेला मौल्यवान ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारकच आहे. मोडलेली पांढरी पुन्हा उभी करता येत नाही. तिच्यात आपल्याच गावचे जुने शेतकरी काय पेरत होते आणि कुठं चुकले, ते लिहिलेलं असतं.