शाळामास्तर रहीमसाहेब

पावसाळा सुरू होऊन क्रीडांगण हिरवें झालें कीं आमच्या शाळेंत फुटबॉलचे सामने सुरू होतात, आणि त्याच सुमारास कांहीं पालक आम्हांस विचारूं लागतात कीं, चिखलांत चेंडूस लाथा मारून मुलांचें काय कल्याण होणार? या प्रश्नाचें उत्तर वादानें देण्यापेक्षां एका शिक्षकाच्या चरित्रानें द्यावें, असें आम्हांस वाटतें. भारतीय फुटबॉलचा सर्वांत वैभवाचा काळ ज्यांच्या हाताखालीं उगवला, ते सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर होते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजीं हैदराबाद येथें झाला. उस्मानिया विद्यापीठांत शिकत असतां ते तेथील संघांतून फुटबॉल खेळत. पदवी संपादन केल्यावर त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा येथील मिडल स्कूल, चादरघाट हायस्कूल इत्यादि शाळांतून त्यांनीं अध्यापन केलें, आणि पुढें शरीरशिक्षणाची पदविका घेऊन मुलांच्या खेळांचीही जबाबदारी उचलली. १९४३ सालीं ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले, ते अखेरपर्यंत.

चांगला शिक्षक मुलाच्या कच्च्या विषयाकडे प्रथम लक्ष देतो. रहीमसाहेबांची रीत हीच होती. आपल्याकडील खेळाडूंचा मोठा दोष त्यांनीं हेरला होता: चेंडू पायांत आला कीं तो सोडवत नाहीं, एकट्यानेंच सर्वांस चुकवीत जावें असा मोह होतो. म्हणून चेंडू एकट्यानें हाकीत नेण्यास ज्यांत बंदी आहे, असे सामने त्यांनीं भरविले. उजव्या पायाचा जोर असलेल्यानें केवळ डाव्या पायानें खेळावें, असेही सामने घेतले. सिकंदराबादेकडील तुळसीदास बलराम नांवाच्या गरीब घरच्या मुलाचे गुण त्यांनीं ओळखले, आणि जाण्यायेण्यास पैसे नाहींत म्हणून त्याचा सराव चुकूं नये यासाठीं त्याच्या सायकलीची सोय करून दिली. तोच मुलगा पुढें दोन ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळला.

या शिकवणीचीं फळें मुंबईकरांनींही पाहिलीं आहेत. रहीमसाहेबांच्या हाताखालीं तयार झालेल्या हैदराबाद पोलिस संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

भारतीय संघाचीही धुरा याच काळांत त्यांच्याकडे आली. १९५१ सालीं दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेंत इराणचा १ विरुद्ध ० गोलनें पराभव करून भारतानें सुवर्णपदक मिळविलें. परंतु पुढच्याच वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें भारतावर १० गोल चढविले. भारताचा केवळ १ गोल झाला. आपले कित्येक खेळाडू त्या दिवशीं अनवाणी खेळले होते. असा निकाल हातीं आल्यावर दुसऱ्या एखाद्यानें नशिबास बोल लावला असता. रहीमसाहेबांनीं त्याचा धडा केला. बूट घालणें यापुढें सक्तीचें झालें. आणि त्याच स्पर्धेंत सुवर्णपदक पटकावणाऱ्या हंगेरीच्या खेळाचा अभ्यास करून, मधल्या आघाडीवीरास थोडें मागें ठेवण्याची त्यांची पद्धति रहीमसाहेबांनीं आपल्या संघास शिकविली.

चार वर्षांनीं, १९५६ सालीं, मेलबोर्न येथें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियास ४ विरुद्ध २ गोलांनीं हरविलें. त्यांतील तीन गोल मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरींत पोहोंचलेला आशियांतील पहिला फुटबॉल संघ तो हाच. तेथें पुनः युगोस्लाव्हियाशींच गांठ पडली. या वेळीं पहिला गोल भारताचा झाला. सामना ४ विरुद्ध १ असा हातचा गेला खरा, पण १० आणि ४ यांमधील अंतर हें एका शिक्षकाच्या चार वर्षांच्या कष्टांचें मोजमाप होय.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीं गेलेल्या संघांत त्यांचे पुत्र हकीम हेही होते. परंतु पिता प्रशिक्षक असूनही त्यांस एकाही सामन्यांत उतरविलें गेलें नाहीं. पक्षपाताचा संशय सर्वांत आधीं शिक्षकाच्या घरच्या मुलावरून घेतला जातो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या गोष्टीचें मोल कळेल.

१९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई स्पर्धा झाल्या. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास २ गोलांनीं हरविलें. पुढें बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टांके पडले. रहीमसाहेबांनीं त्यांस घरीं बसविलें नाहीं, तर आघाडीस खेळविलें. आणि उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत त्यांनीं गोल केला. इस्रायल व तैवान यांस प्रवेश नाकारल्याबद्दल एका भारतीय अधिकाऱ्यानें आक्षेप घेतल्यामुळें तेथील लोक भारतीयांवर चिडलेले होते. ४ सप्टेंबर रोजीं, अशा हजारो विरोधी प्रेक्षकांसमोर, त्याच कोरियास २ विरुद्ध १ गोलांनीं हरवून भारतानें सुवर्णपदक जिंकलें. त्यानंतर आजवर तें पदक फुटबॉलमध्यें भारतास पुनः मिळालेलें नाहीं.

तेव्हां रहीमसाहेबांचें शरीर कर्करोगानें पोखरलें जात होतें. अवघ्या नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

येथें हें चरित्र संपावें. पण शिक्षकाचें चरित्र त्याच्या मृत्यूबरोबर संपत नाहीं. १९७४ सालीं बँकॉक येथें आशियांतील युवक संघांची स्पर्धा झाली. अंतिम सामना २–२ असा बरोबरींत सुटून भारत व इराण यांस संयुक्त विजेतेपद मिळालें. त्या भारतीय युवक संघाचा कप्तान शब्बीर अली हा हैदराबादचा मुलगा होता; रहीमसाहेब वारले तेव्हां तो अवघा सात वर्षांचा. आणि त्या मुलांस शिकविणारे अरुण घोष हे जकार्ताच्या विजयी संघांत रहीमसाहेबांच्या हाताखालीं खेळलेले होते. पेरणाऱ्यास पीक पाहण्याचें भाग्य नेहमींच लाभतें असें नाहीं. तथापि पीक येतें.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सामन्यांत चेंडू तुमच्या पायांत येईल आणि शेजारीं तुमचा सोबती मोकळा उभा असेल, तेव्हां या शाळामास्तरांची आठवण करा आणि चेंडू त्याच्याकडे द्या. पालकांनीं विचारलेल्या प्रश्नाचें आमच्यापाशीं असलेलें उत्तर तें एवढेंच.